थंड बाटल्यांचे ठोके

१

सकाळी नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी मशीनकाका धावत जिना चढले, तेव्हाच टकटकबाईंना कळलं की काहीतरी भलतंच झालंय. मशीनकाका धावणाऱ्यांतले नव्हते. गेली बावीस वर्षं ते एकच यंत्र सांभाळत होते आणि त्या यंत्राच्याच चालीने चालत होते, मिनिटाला एक बाटली.

“बाई, थंड बाटल्या बोलायला लागल्या,” ते दारातूनच म्हणाले.

टकटकबाई त्या जीवशास्त्राच्या संस्थेत किरणसुरक्षा अधिकारी होत्या. त्यांच्या खांद्याला कायम एक पेटी लटकलेली असे. किरणोत्सारी काही जवळ आलं की ती टकटक करायची, आणि तिच्यामुळेच बाईंना हे नाव पडलं होतं. खरं नाव आता फक्त दारावरच्या पाटीवर उरलं होतं, तेही पुसट.

संस्थेत ‘किरणोत्सारी’ असं मात्र कोणी म्हणत नसे. अठरा वर्षांपूर्वी बाई नव्याने रुजू झाल्या तेव्हा तो शब्द ऐकला तरी लोक चार हात लांब पळायचे. मग बाईंनीच युक्ती काढली. किरणोत्सारी ते गरम, नसेल ते थंड. तेव्हापासून गरम खोली, गरम बाटल्या, थंड बाटल्या अशीच भाषा रुळली. लोक निवांत झाले, आणि बाईंना आपल्या या दोन शब्दांचा थोडा गर्वही होता.

थंड बाटल्या बोलू लागल्या, म्हणजे जिथे किरणोत्सारी औषधाचा थेंबही नाही तिथे यंत्राला तो सापडला होता.

गरम खोलीत स्टुलावर रोपवाली बसली होती. ही संस्थेतली सगळ्यात लहान संशोधक. ती कुंड्यांत इवलीइवली रोपं वाढवायची आणि ती मुळांनी फॉस्फरस किती पितात हे मोजायची. बारा रोपांना तिने किरणोत्सारी फॉस्फरस दिला होता, बारांना साधा. काल संध्याकाळी तिने सगळ्या रोपांचा रस काढून चोवीस बाटल्यांत भरला, दोन ट्रेंवर ‘गरम’ आणि ‘थंड’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि यंत्राशेजारच्या टेबलावर काळ्या कापडाखाली ठेवून ती घरी गेली. प्रबंध द्यायला तिला आता तीन महिने उरले होते आणि हा शेवटचा प्रयोग होता.

“थंड बाटलीला किती ठोके यायला हवेत?” बाईंनी विचारलं. उत्तर त्यांना पाठ होतं, पण पोरीला बोलतं करायचं होतं.

“तीस. फार तर चाळीस.”

“आणि आले किती?”

रोपवालीने कागद पुढे केला. पहिल्या बाटलीला एक्केचाळीस हजार होते. बाराव्या, शेवटच्या बाटलीलासुद्धा वीस हजार.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. मोठ्या साहेबांपर्यंत बातमी पोचली होती. ते थोडंच बोलले. चौकशीचा फॉर्म चार वाजता टेबलावर हवा. त्यात चूक कोणाची हा रकाना भरलेला हवा. ज्याचं नाव त्या रकान्यात, त्याला सहा महिने गरम खोलीची बंदी. नाव सापडलं नाही तर बाटल्या जिच्या तिचंच नाव.

टकटकबाईंनी फोन ठेवला. सगळं ऐकू गेलं होतं, कारण साहेबांचा आवाजच तसा होता. रोपवालीने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“सहा महिने म्हणजे माझं सगळंच संपलं, बाई,” ती म्हणाली.

२

बाईंनी पेटीचं बटण दाबलं आणि ती आधी गरम ट्रेवर धरली. पेटी तव्यावर मोहरी तडतडावी तशी तडतडली. मग थंड ट्रेवर धरली.

पेटी गप्प.

बाईंनी ती हलवून पाहिली, पुन्हा गरम ट्रेकडे नेली. तडतड. थंड ट्रेकडे आणली. गप्प.

“असं कसं?” रोपवाली म्हणाली. “माझा फॉस्फरस सांडला असता तर हिने खोली डोक्यावर घेतली असती.”

“म्हणजे हा तुझा फॉस्फरस नव्हे. काका, ठिणग्या कशा होत्या?”

मशीनकाकांचं यंत्र किरण थेट बघत नसे. बाटलीत रसाबरोबर एक खास द्रव असायचा. किरणाचा धक्का बसला की त्या द्रवात उजेडाची बारीकशी ठिणगी उडायची. यंत्र बाटलीला पोटातल्या अंधारात घेऊन मिनिटभर ठिणग्या मोजायचं आणि तेवढे ठोके कागदावर छापायचं. ठिणगी मोठी की बारीक हेही त्याला कळायचं.

“सगळ्या बारीक,” काका म्हणाले. “फॉस्फरसची ठिणगी कशी दणदणीत असते. या म्हणजे अगदी चिल्लर. ट्रिटियमसारख्या.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ट्रिटियमही किरणोत्सारीच, पण त्याचे किरण इतके लेचेपेचे की त्यांना बाटलीची काचसुद्धा ओलांडवत नाही. पेटी गप्प बसणारच. आणि अख्ख्या संस्थेत ट्रिटियम वापरणारा एकच माणूस होता.

“कोटवाला,” रोपवाली हळूच म्हणाली.

बाईंनी दोन्ही ट्रे लोखंडी कपाटात ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

“आणि बाई,” काका मागून कुरकुरले, “माझा निवडुंग कोणी खाली ठेवला तेही विचारा. आठ वर्षं खिडकीत उभा आहे बिचारा. आज बघतो तर कोपऱ्यात, जमिनीवर.”

“निवडुंगाचं नंतर बघू, काका.”

३

कोटवाला हा रोपवालीच्या वरचा संशोधक. पांढरा कोट तो जेवतानाही काढत नसे. झोपताना काढतो का, यावर संस्थेत पैजा लागत. गेल्या आठवड्यात यंत्राच्या पाळीवरून त्याचं आणि रोपवालीचं चांगलंच वाजलं होतं.

“मला ठाऊक होतं तुम्ही येणार,” तो म्हणाला. “ट्रिटियम म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात.”

“मग मी वेगळं कशाला करू? काल कुठे होतास?”

“सहाला घरी गेलो. ती त्यानंतरही रस काढत बसली होती, तिलाच विचारा. आज सकाळी तुमच्या त्या धावपळीनंतरच आलो.”

“भांडण झालं होतं म्हणे.”

“झालं होतं. सोमवारची पाळी माझी होती आणि ती तिला मिळाली. राग आहे माझ्या मनात, खोटं कशाला बोलू?” त्याने कपाट उघडलं. “ही माझी ट्रिटियमची कुपी, ही त्या कुपीची वही. शेवटच्या थेंबापर्यंत हिशेब जुळतो. मोजून घ्या.”

बाईंनी मोजून घेतलं. जुळत होतं.

“आणि आणखी एक,” कोट झटकत तो म्हणाला, “तिचा आकडा आल्याशिवाय माझा पुढचा लेख लिहूनच होत नाही. तिचं काम बंद पडलं तर तिच्याइतकाच मीही तोंडघशी पडेन. हे तिला सांगू नका. ती फार डोक्यावर बसेल.”

बाईंना हसू आलं, पण ते त्यांनी गिळलं. माणूस फुशारकी मारत असला की त्याच्या बोलण्यात एक सूर लागतो, आणि तो सूर इथे लागला नव्हता.

आता उरल्या मावशी. आठ दिवसांपूर्वीच त्या संस्थेत झाडलोटीला लागल्या होत्या, आणि महिनाभर नीट काम केलं तरच कायम होणार होत्या. सकाळी आठ ते नऊ गरम खोलीत त्यांच्याशिवाय कोणी नसायचं. त्या जिन्याखाली बादली पालथी घालून बसल्या होत्या आणि त्यांचे हात पदरात गुंडाळलेले होते.

“थंडी वाजते का, मावशी?”

“वाजेल नाहीतर काय. गरम खोली म्हणे. आत पाऊल टाकलं की यंत्रासाठी लावलेल्या एसीने दात वाजतात. एकदा त्या खोलीचं नाव ठेवणारा माणूस मला बघायचाय.”

टकटकबाईंनी घसा साफ केला. “सकाळी खोलीत दुसरं कोणी आलं होतं?”

“चिटपाखरू नाही.”

“त्या बाटल्यांना तुम्ही हात लावलात?”

“बोटसुद्धा नाही,” मावशी ठामपणे म्हणाल्या. “पहिल्याच दिवशी तुम्ही बजावलंत ना, बाटलीला हात लावायचा नाही म्हणून? तुमचा शब्द मी मोडायची नाही. आणि बाटल्यांचं मला कोणी शिकवायला नको. बारा वर्षं बाळांच्या दवाखान्यात काढली मी. तिथे दिवसभर बाटल्याच. दुधाच्या.”

बाईंनी मावशींकडे नीट पाहिलं. मावशी खरं बोलत होत्या यात शंकाच नव्हती. काकांची तर यंत्रापुढे खोटं बोलायची छातीच नव्हती. कोटवाल्याचा हिशेब जुळत होता. रोपवाली स्वतःचाच प्रयोग कशाला नासवेल?

सगळेच खरं बोलत होते आणि बारा बाटल्या मात्र हजारांनी ठोके देत होत्या. घड्याळात पावणेबारा झाले होते.

४

“पुन्हा मोजू,” बाई म्हणाल्या.

त्यांनी खिशातून किल्ली काढली, सगळ्यांसमोर कुलूप उघडलं आणि थंड ट्रे काकांच्या हातात दिला. कोटवालाही येऊन दाराशी उभा राहिला होता, उगाच, सहज म्हणून.

यंत्राने पहिली बाटली गिळली. मग कागद सरकला.

एकतीस.

काकांनी चष्मा काढून पुसला. दुसरी बाटली, अठ्ठावीस. तिसरी, तेहतीस. बाराव्या बाटलीपर्यंत एकही आकडा चाळिशीच्या वर गेला नाही.

“बाटल्या बदलल्या कोणीतरी,” कोटवाला म्हणाला.

“किल्ली माझ्या खिशात होती,” टकटकबाई म्हणाल्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदाच संशयिताच्या खुर्चीत बसलं की कसं वाटतं हे त्यांना कळलं.

रोपवालीने ट्रेवर वाकून एकेक बाटली तपासली. “माझ्याच आहेत. सातवर माझं वाकडं अक्षर आहे. नवाच्या झाकणाला मीच पाडलेला टवका आहे.” तिने बाटली ट्रेमध्ये परत ठेवली. “मग बाई, ते सगळं गेलं कुठे?”

बाईंनी सकाळचा कागद हातात घेतला आणि तो वरून खाली वाचला. मग खालून वर वाचला. मग त्या हसायला लागल्या. चांगल्या खळखळून हसल्या, आणि काकांना वाटलं की दडपणाने बाईंचं काहीतरी बिनसलं.

“ट्रिटियम निम्मा व्हायला बारा वर्षं लागतात,” त्या म्हणाल्या. “तुझा फॉस्फरस निम्मा व्हायला चौदा दिवस. अडीच तासांत हजारांवरून तिसावर येणारं काहीच आपण या इमारतीत ठेवत नाही. जे इतक्या लवकर गेलं ते किरणोत्सारी नव्हतंच.”

“पण यंत्राने मोजलं ना,” काका दुखावल्या स्वरात म्हणाले.

“तुमचं यंत्र खरं बोललं, काका. आपण त्याला विचारलं चुकीचं. ते मोजतं काय?”

“ठिणग्या.”

“म्हणजे उजेड. आता हे आकडे बघा. पहिली एक्केचाळीस हजार, दुसरी अडतीस, तिसरी छत्तीस, असं उतरत उतरत बारावी वीस हजार. एकही आकडा मध्येच वर उडी मारत नाही. कोणी थेंब टाकले असते तर असे ओळीने उतरले असते का? पहिली बाटली मोजली तेव्हा बारावी अंधारात वाट बघत होती. जितका वेळ अंधारात, तितके ठोके कमी. या बाटल्यांनी उजेड पोटात घेतला होता आणि तो त्या हळूहळू सोडत होत्या. अंधारात चमकणारे घड्याळाचे काटे सोडतात ना, तसा.”

“पण त्या तर काळ्या कापडाखाली होत्या,” रोपवाली म्हणाली.

“हो ना. म्हणून आता,” बाई मशीनकाकांकडे वळल्या, “निवडुंगाचं बघू.”

५

खिडकीच्या कट्ट्यावर धूळ होती. तिच्यात निवडुंगाच्या कुंडीचं गोल वर्तुळ दिसत होतं आणि त्याला छेदून एक स्वच्छ चौकोन. बाईंनी रिकामा ट्रे त्या चौकोनावर ठेवला. तो बरोबर बसला. ऊन अजून कट्ट्यावर रेंगाळत होतं.

“सकाळी हे ऊन थेट इथेच पडतं. म्हणून तर निवडुंग इथे ठेवलाय,” काका पुटपुटले.

बाईंनी त्यांच्याकडून खास द्रव भरलेली एक कोरी बाटली घेतली, कट्ट्यावर वीस मिनिटं उन्हात ठेवली आणि यंत्रात घातली. कागद सरकला. अडतीस हजार.

कोटवाल्याने शीळ घातली.

“पण कोणी ठेवल्या उन्हात?” रोपवालीने विचारलं. “आणि माझ्या गरम बाटल्या का नाही ठेवल्या?”

“तेच तर खरं कोडं. दोन ट्रे शेजारी शेजारी, आणि एकच हलला. दोघांत फरक काय? एका शब्दाचा.” बाईंनी यंत्रावरच्या पाटीकडे बोट केलं. काकांनी स्वतःच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेली ती पाटी गेली कित्येक वर्षं तिथे होती, आणि कित्येक वर्षांत ती कोणी वाचली नव्हती.

थंड बाटल्या यंत्रात घालू नयेत. काचेला घाम सुटतो.

“ते फ्रिजमधून काढलेल्यांबद्दल आहे,” काका म्हणाले.

“तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. आठ दिवसांपूर्वी आलेल्या माणसाला कुठून माहीत असणार? मावशींना बोलवा.”

मावशी आल्या त्या दारातच थबकल्या. बाईंनी त्यांना स्टूल दिलं आणि आवाज शक्य तितका मऊ केला.

“मावशी, बाटल्यांना तुम्ही बोट लावलं नाहीत. खरं आहे. ट्रे मात्र उचललात.”

“ट्रे उचलला ना,” मावशी म्हणाल्या. “त्याला कुठे हात लावू नका म्हणाल्या होतात? चिठ्ठी बघितली, थंड. वर यंत्रावर लिहिलंय, थंड घालू नका. म्हटलं पोर इतकी राबते, सकाळी घाईत घालेल आणि यंत्र बिघडेल. मग काटेरी झाड खाली ठेवलं आणि बाटल्या अर्धा तास छान उन्हात शेकल्या. नऊच्या आत जागच्या जागी ठेवून वर कापडही घातलं. बाळांना थंड बाटली मी कधी दिली नाही.”

“आणि दुसरा ट्रे?”

“त्याच्यावर लिहिलं होतं की गरम. गरमला आणखी काय गरम करायचं?”

मग काका गदगदून हसले, कोटवाल्याने तोंडावर कोटाची बाही धरली, आणि रोपवाली तर हसता हसता रडायला लागली. मावशींनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

“माझ्या हातून चुकलं का काही? मला काढतील?”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. एक वाजला होता आणि रकाना अजून कोरा होता.

चार वाजता मोठे साहेब स्वतःच खाली आले. तोवर गरम बाटल्यांची मोजणी झाली होती, थंड तिसावरच होत्या, आणि रोपवालीच्या तीन वर्षांच्या कामाचा आकडा जसा यायला हवा तसाच आला होता. ती तो कागद छातीशी धरून उभी होती. बाजूला उभ्या मावशींच्या हातांनी पदराचा पीळ केला होता.

साहेबांनी फॉर्म उचलला. सगळी हकीकत वाचून झाली आणि ते शेवटच्या रकान्यापाशी अडले.

“हे काय? चूक कोणाची, तर इथे तुमचंच नाव?”

“गरम आणि थंड हे शब्द या खोलीत मी आणले, साहेब. लोकांना भीती वाटू नये म्हणून. साधे, घरातले शब्द घेतले आणि त्यांचे अर्थ बदलले, पण बदललेले अर्थ कुठेही लिहून ठेवले नाहीत. मावशींना मी बाटलीला हात लावू नका एवढं सांगितलं. गरम म्हणजे काय हे सांगायचं मला सुचलंसुद्धा नाही. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि तिच्यात लिहिलं होतं तसंच केलं. आपल्यात पाटी वाचणाऱ्या त्या एकट्याच निघाल्या.” बाईंनी रकान्याकडे बोट केलं. “चूक माझी आहे. नाव तिथे बरोबर आहे.”

साहेबांनी फॉर्म टेबलावर ठेवला आणि कपाळ चोळलं. “म्हणजे नियमाप्रमाणे तुम्हाला सहा महिने खोलीत बंदी. आणि ती बंदी कोणी घालायची?”

“किरणसुरक्षा अधिकाऱ्यांनी.”

“म्हणजे तुम्हीच.”

“मी त्यांच्याशी बोलून बघते,” टकटकबाई गंभीरपणे म्हणाल्या. “पण बाई फार कडक आहेत असं ऐकलंय.”

साहेब हसले की खोकले हे नक्की कळलं नाही. त्यांनी पेन काढलं, बंदीची ओळ खोडली आणि खाली लिहिलं की सांडलं काहीच नाही, सबब बंदी नाही; उद्यापासून प्रत्येक चिठ्ठीवर किरणोत्सारी असेल तर किरणोत्सारी असंच लिहावं. मग जाता जाता दारात थांबून ते मावशींना म्हणाले, “तुम्ही पाट्या वाचता हे बरं झालं. जिन्यातल्या पाट्याही एकदा बघा. पुढच्या महिन्यापासून निवांत, कायम झाल्यावर.”

मावशींना ते वाक्य समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी पदराचा पीळ सोडला आणि त्या चहा करायला निघून गेल्या. कोटवाल्याने रोपवालीचा कागद मागून घेतला, आकडा दोनदा वाचला आणि म्हणाला की वाईट नाही. त्याच्या तोंडून हे म्हणजे सत्कारच होता. काकांनी निवडुंग पुन्हा खिडकीत ठेवला.

चहा आला. मावशींनी पहिला कप बाईंपुढे ठेवला आणि हात मागे घेतला.

“बाई, चहा गरम आहे,” त्या म्हणाल्या. आणि मग दचकून, “म्हणजे, घरातल्यासारखा गरम.”

टकटकबाईंनी खांद्यावरची पेटी उतरवली, बटण दाबलं आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता ती कपावर धरली. सगळे श्वास रोखून ऐकत राहिले. पेटी गप्प होती.

“बसा, मावशी,” त्या म्हणाल्या. “आणि एक सांगायचं राहिलं. या खोलीचं नाव ठेवणारा माणूस तुम्हाला बघायचा होता ना? नीट बघून घ्या.”